उपरी आणि मिरासदार
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात शिक्षणनिधी, विद्यार्थिवसतिगृह आणि लग्नकार्यातील अवाजवी खर्च या तीन विषयांवर दर वर्षी व्याख्याने होतात, आणि ती व्हावीत हे योग्यच आहे. आज आम्हांस जो विषय मांडावयाचा आहे तो या तिहींपैकी कोणत्याच सदरात बसत नाही. तथापि सुतारालोहाराच्या घरी हल्ली रात्रीची जेवणे आटोपल्यावर जे बोलणे निघते, ते बहुधा याच विषयाचे असते. मुलगा आयटीआय झाला आहे, हातात कसब आहे, चाकणला नाहीतर सातपूरला कंत्राटी काम आहे. आणि कोणीतरी येऊन सांगून गेले आहे की, जर्मनीत माणसे हवी आहेत.

ही बातमी खोटी नाही. त्या देशात म्हातारी माणसे वाढली, कामाचे हात कमी पडू लागले. ५ डिसेंबर २०२२ रोजी भारत आणि जर्मनी यांच्यात माणसांच्या जाण्यायेण्यासंबंधी करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी निराळा करार केला. त्यात आरंभी १०,००० माणसे पाठविण्याची भाषा होती. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची भगिनीनगरी आहे. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २०,००० ऐवजी ९०,००० प्रवेशपत्रे देण्याची तयारी जाहीर केली. तेव्हा दार उघडे आहे, याविषयी आमचा वाद नाही.

आमचा प्रश्न पुढचा आहे. आमच्याकडे सल्ल्यासाठी येणारे तरुण एकच गोष्ट विचारतात: ‘व्हिसा मिळेल का?’ तो मिळाल्यावर आपण तेथे कोण म्हणून राहणार, किती वर्षे राहणार, मालकाने काढले तर काय होणार, हे विचारणारा शंभरांत एखादा. कामाचा परवाना आणि वास्तव्याचा हक्क या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. पहिली हाती आली म्हणजे दुसरी आपोआप येते, हा समज आपल्या लोकांत घट्ट बसला आहे, आणि दलालास तो फारच सोयीचा आहे.

हा भेद समजण्यास आपल्याला जर्मन भाषेचा कोश उघडण्याचे कारण नाही. मराठी मुलखातील जुन्या गावगाड्यात दोन शब्द होते: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा गावात वंशपरंपरेचा हक्क असे. उपरी बाहेरून आलेला. तो जमीन कसे, सारा भरी, पण त्याचे असणे करारापुरते. मिरासदार कित्येक वर्षे परागंदा होऊन परतला, तरी त्यास आपली मिरास परत मागता येई. उपरी उठून गेला की त्याचे नाव मिटले. आपण बलुतेदार. आपल्या पूर्वजांची सुतारकीची आणि लोहारकीची वतने होती, आणि ती त्यांनी मोठ्या हिरिरीने राखली. गावात दुसरा सुतार येऊन वाकस चालवू लागला तर पंचांपुढे गाऱ्हाणे जाई. म्हणजे परक्या कारागिराला परवानगी द्यावी की नाही, दिल्यास किती द्यावी, हा प्रश्न आपण पिढ्यान्पिढ्या गावाच्या वेशीच्या आतून पाहिला. आता आपली मुले वेशीच्या बाहेर उभी आहेत, एवढाच फरक.

जर्मनीनेही हा प्रश्न एकदा फार मोठ्या प्रमाणावर हाताळला, आणि त्यात जे घडले ते आपल्या मुलांनी जाण्यापूर्वी ऐकून ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने उभे राहिले, परंतु कामास माणसे पुरेनात. २० डिसेंबर १९५५ रोजी त्या सरकारने इटलीशी करार करून कामगार आणविले. १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीस, १९६१ मध्ये तुर्कस्तान, १९६३ मध्ये मोरोक्को, १९६४ मध्ये पोर्तुगाल, १९६५ मध्ये ट्युनिशिया आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया, अशी कराराची साखळी लांबत गेली. या लोकांना नाव मिळाले ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणे कामगार. आपल्याकडे पाहुण्याला पाटावर बसवितात; तेथे त्याला पाळीवर उभे केले.

तुर्की कामगारांची इस्तंबूलमध्ये वैद्यकीय तपासणी होई. पुरुषांना अंतर्वस्त्रांवर रांगेत उभे करून दात, छाती, हात पाहिले जात. पास झालेल्यांना आगगाडीने म्युनिकला नेत. तेथील मुख्य स्थानकाच्या ११ क्रमांकाच्या फलाटाखाली युद्धकाळातले एक तळघर होते; त्यात बसवून, याद्या वाचून, त्यांना निरनिराळ्या कारखान्यांकडे रवाना करीत. १९६१ च्या तुर्की करारात दोन वर्षांची मर्यादा घातलेली होती. दोन वर्षे काम करावे, परत जावे, त्याच्या जागी दुसरा यावा, अशी योजना. ही मर्यादा १९६४ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामागे दयाबुद्धी किती होती हे सांगणे कठीण; शिकवून तयार केलेला माणूस परत पाठवून पुन्हा नवा शिकविणे कारखानदारांना परवडत नव्हते, हे मात्र उघड आहे.

आता एका सुताराची हकीकत सांगतो. १० सप्टेंबर १९६४ रोजी कलोन शहराच्या डॉइट्झ स्थानकावर पोर्तुगीज कामगारांची गाडी आली. ध्वनिक्षेपकावरून एक नाव पुकारले गेले: आर्मांदो रोद्रिगिश द सा. वय ३८, धंदा सुतारकी. नाव पुकारले म्हणजे काहीतरी कागद चुकला असणार आणि आता आपल्याला परत धाडणार, या भीतीने तो पुढे आला. प्रत्यक्षात तो पश्चिम जर्मनीतला दहा लाखावा पाहुणा कामगार ठरला होता. त्याला फुले दिली, छायाचित्रे घेतली आणि एक मोटारसायकलवजा दुचाकी बक्षीस दिली. ते छायाचित्र त्या देशाच्या इतिहासाच्या पुस्तकांत आहे आणि ती दुचाकी बॉन येथील इतिहाससंग्रहालयात ठेवलेली आहे. सुताराचे पुढे काय झाले? काही वर्षे त्याने तेथे काम केले, पैसा घरी पाठविला, मग आजारी पडून तो गावी परतला. साठविलेला पैसा औषधपाण्यात गेला. जर्मनीत काम केल्यामुळे आजारपणाच्या भत्त्यावर आपला हक्क आहे, हे त्यास ठाऊकच नव्हते. १९७९ मध्ये तो वारला.

बंधूंनो, या गृहस्थाला कोणी फसविले नाही. उलट त्याचा जितका सत्कार झाला तितका दुसऱ्या कोणा परदेशी कामगाराचा क्वचितच झाला असेल. परंतु बक्षीस दिलेल्या गाडीची किल्ली त्याच्या हाती आली आणि कायद्याने दिलेल्या हक्काची मात्र वार्तासुद्धा त्याच्यापर्यंत पोचली नाही. त्याच्या खात्यावर कोणते हक्क जमा होत आहेत हे त्याला एकानेही सांगितले नव्हते, आणि विचारावे असे त्यालाही सुचले नव्हते. आमच्या आजच्या बोलण्याचा सगळा रोख याच एका गोष्टीवर आहे.

२३ नोव्हेंबर १९७३ रोजी, तेलाच्या टंचाईच्या दिवसांत, जर्मन सरकारने बाहेरून कामगार आणणे एकाएकी बंद केले. तोवर सुमारे १ कोटी ४० लाख माणसे येऊन गेली होती. त्यांपैकी सुमारे १ कोटी १० लाख परतली. उरलेल्यांविषयी सरकारचा अंदाज असा की, आता हेही हळूहळू जातील. झाले उलटेच. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे दिसताच जे होते ते तेथेच राहिले, आणि त्यांनी बायकामुले बोलावून घेतली. १९८३ मध्ये एक कायदा करून, बेकार झालेला परदेशी कामगार कुटुंबासह कायमचा निघून जात असेल तर त्यास १०,५०० मार्क आणि दर मुलामागे १,५०० मार्क देऊ केले. उपरी माणसाला पैसे देऊन उठविण्याची ही तऱ्हा आपल्या गावगाड्यालाही सुचली नव्हती.

त्या काळच्या कायद्यात राहण्याचा परवाना देणे न देणे हे सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. देशाच्या हिताला बाधा येत नसेल तर द्यावा, एवढेच १९६५ च्या कायद्याचे सांगणे. आणि हित कशात, हे ठरविणार तोच अधिकारी. ही मर्जी पहिल्यांदा आवळली गेली ती एका भारतीय माणसामुळे, हे आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. या गृहस्थाचा परवाना वर्षानुवर्षे निमूटपणे वाढवून दिला जात होता, आणि एके दिवशी तो नाकारला गेला. प्रकरण थेट घटनान्यायालयापर्यंत गेले. १९७८ मध्ये त्या न्यायालयाने असे ठरविले की, परवाना वारंवार बिनतक्रार वाढवून दिल्यावर माणूस त्या भरवशावर आपले आयुष्य उभारतो, आणि तो भरवसा सरकारला एका फटक्यात मोडता येणार नाही. त्याच सुमारास कोरियातून आलेल्या परिचारिकांना परत धाडण्याचा घाट घातला गेला होता. त्यांनी सह्यांची मोहीम चालविली, रुग्णालयांना आणि वृत्तपत्रांना जागे केले, आणि राहण्याचा हक्क मिळविला. एकाने कायद्याचा आधार शोधला, दुसऱ्यांनी एकजूट केली. ज्ञातिसंस्थेच्या सभासदांना याहून अधिक स्पष्टीकरण नको.

मध्यंतरीचा इतिहास आम्ही भराभर सांगतो. १ ऑगस्ट २००० पासून संगणकतज्ज्ञांसाठी पाच वर्षांची निराळी योजना निघाली. तिला अमेरिकेतल्या कार्डाचे नाव दिले होते, पण कायम वास्तव्य त्यात नव्हते. २००५ मध्ये नवा वास्तव्य-कायदा आला. २०१२ मध्ये पदवीधरांसाठी ‘ब्लू कार्ड’ आले, आणि त्याच वर्षी परदेशी प्रशिक्षणाची तपासणी करून त्यास समकक्ष मानण्याचा कायदाही लागू झाला. १ मार्च २०२० रोजी कुशल कामगारांसाठी कायदा झाला, आणि नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात तो टप्प्याटप्प्याने पुष्कळ सैल करण्यात आला. आता मर्जीचा भाग कमी झाला असून अटी लिहून ठेवलेल्या आहेत. अमुक महिने वर्गणी, अमुक इतकी भाषा, अमुक दाखला: हे पुरे केले की कायम वास्तव्याचा परवाना मागण्याचा हक्क उत्पन्न होतो. उपऱ्याला मिरासपत्र मिळण्याची वाट कायद्यानेच आखून दिली आहे. अडचण इतकीच की, ती वाट एक नाही. आपण कोणत्या दाराने आत गेलो यावर पुढची वर्षे मोजली जातात, आणि दार निवडण्याची वेळ येते ती येथे, आपल्या घरी, जेव्हा आपल्याला यातले काही ठाऊक नसते तेव्हा.

समजा, एका घरात दोन भाऊ आहेत. थोरला फिटर, आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला, चार वर्षे कारखान्यात. धाकटा सुतार, आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, पण रंधा आणि पटाशी आजोबांच्या हाताखाली शिकलेला. हातात कसब धाकट्याच्या अधिक आहे, असे आपण धरून चालू.

मार्च २०२४ पासून एक सोपे दार उघडले आहे. ज्या धंद्यांना तेथे खास अनुज्ञा लागत नाही, त्यांत आपल्या देशाने मान्य केलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव, आणि ठरावीक पगाराची नोकरी एवढे असले की जर्मन समकक्षतेचा दाखला न घेता कामाचा परवाना मिळतो. हा पगार २०२५ साली वर्षाला ४३,४७० युरो इतका ठरविला होता. मालक कामगारसंघटनेच्या वेतनकराराने बांधलेला असेल तर त्या करारातला पगार चालतो. जर्मन भाषेची अटही कायद्याने घातलेली नाही. थोरला या दाराने जाऊ शकेल. दलाल त्याला हेच दार दाखवील, कारण यात वेळ थोडा लागतो आणि दलाली लवकर सुटते.

परंतु या दाराने गेलेल्या माणसाला कायद्याच्या दृष्टीने ‘मान्यताप्राप्त कुशल कामगार’ म्हणत नाहीत. कायम वास्तव्यासाठी त्याला सर्वसाधारण नियम लागतो: पाच वर्षांचे वास्तव्य आणि निवृत्तिवेतनाच्या निधीत ६० महिन्यांची वर्गणी. तोच थोरला जर येथे बसून आपले प्रमाणपत्र, अभ्यासक्रम आणि अनुभवाची पत्रे जर्मन भाषेत उतरवून न्युरेंबर्ग येथील संबंधित कचेरीकडे पाठवील, आणि समकक्षतेचा दाखला हाती घेऊन जाईल, तर तो मान्यताप्राप्त ठरतो. मग तीन वर्षे आणि ३६ महिन्यांची वर्गणी पुरते. येथे सहा-आठ महिने थांबण्याची तयारी असेल तर तेथील दोन वर्षे वाचतात. एक मधला मार्गही आहे. मालकाशी करार करून, थोडी भाषा शिकून जावे, काम करावे आणि समकक्षता तेथे मिळवावी. त्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे देतात. मात्र तीन वर्षांचे ते घड्याळ दाखला हाती आल्यानंतरच्या परवान्यापासून चालू होते, आगगाडीतून उतरल्यापासून नव्हे.

धाकट्यापुढे सोपे दार बंद आहे. त्याचे प्रमाणपत्र एका वर्षाचे, वेल्डरचेही तसेच. आजोबांच्या हाताखालची दहा वर्षे कोणत्याही कागदावर नाहीत. येथे आमच्या मनाला खरोखर यातना होतात, कारण आपल्या ज्ञातीचे सारे विद्याधन असेच बिनकागदाचे आहे. चौकटीला गुण्या लावून न पाहता काटकोन सांगणारा म्हातारा आपल्या प्रत्येक गावात होऊन गेला. त्याच्या नातवाला परदेशातल्या कचेरीत अकुशल म्हणून बसावे लागते. परंतु संताप करून उपयोग नाही. जर्मनीत कसब हे रक्तातून येते असे मानीत नाहीत. ते गुरुगृही शिकून, परीक्षा देऊन, पेढीच्या शिक्क्यासह सिद्ध करावे लागते, आणि हा नियम ते स्वतःच्या मुलांनाही लावतात. सुताराचा मुलगासुद्धा तेथे तीन वर्षे उमेदवारी करतो. काही तरुण सुतार शिक्षण संपल्यावर काळे कॉर्डुरॉयचे कपडे घालून, काठी आणि गाठोडे घेऊन तीन वर्षे आणि एक दिवस देशोदेशी काम करीत हिंडतात आणि त्या काळात आपल्या गावापासून पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकीत नाहीत. अशा लोकांपुढे ‘आमच्या घराण्यात सात पिढ्या सुतारकी आहे’ हे सांगून भागत नाही.

म्हणून धाकट्याला आमचा सल्ला असा की, त्याने तिसऱ्या दाराने जावे. ते दार म्हणजे तेथील उमेदवारी, जिला ‘आउसबिल्डुंग’ म्हणतात. आठवड्याचे काही दिवस कारखान्यात किंवा कार्यशाळेत काम, काही दिवस शाळा, आणि शेवटी परीक्षा. सुतारकामास तीन वर्षे. विद्यावेतन मिळते, २०२५ साली पहिल्या वर्षाचे किमान विद्यावेतन महिन्याला ६८२ युरो होते. तेवढ्यात तेथे भागत नाही, तेव्हा उरलेल्या खर्चाची सोय दाखवावी लागते. मात्र आठवड्याला वीस तासांपर्यंत दुसरे काम करण्याची मुभा आहे. परीक्षा उतरून कुशल कामगाराची नोकरी धरली की पुढे दोनच वर्षांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तीन आणि दोन मिळून पाच वर्षे. ज्याचा हात आधीच बसलेला आहे त्याने पुन्हा उमेदवार म्हणून झाडू मारण्यापासून आरंभ करावा, हे कठीण आहे. पण पाच वर्षांअखेर त्याच्या हाती जर्मन कारागिराचा दाखला असेल, जो त्याचा थोरला भाऊ सोप्या दाराने गेला असता तर त्याच्यापाशी नसता.

भगिनींनो आणि बंधूंनो, या साऱ्यात पदवीधर अभियंत्याची वाट सर्वांत लहान आहे, हेही सांगून टाकले पाहिजे. ब्लू कार्ड मिळालेल्या माणसाला २७ महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकते, आणि भाषेची मध्यम पायरी गाठली असेल तर २१ महिन्यांत. टेबलापाशी बसणाऱ्याला एकवीस महिने, ऐरणीपाशी उभे राहणाऱ्याला छत्तीस किंवा साठ. हा न्याय आम्हांस पटत नाही. लाकडी घराचे छप्पर चढविणारा माणूस त्या देशाला कमी लागतो असे त्यांचेच पुढारी म्हणत नाहीत.

आता दोन शब्द भाषेविषयी आणि वर्गणीविषयी. कोणत्याही दाराने गेले तरी कायम वास्तव्याच्या सर्वसाधारण वाटेवर भाषेची ‘बी-१’ ही पायरी लागतेच. म्हणजे कचेरीत आपले काम आपण सांगावे, घरमालकाचे पत्र वाचावे, डॉक्टरला दुखणे समजवावे, इतकी भाषा. जो येथून शिकून जात नाही तो तेथे दिवसभराच्या श्रमानंतर रात्री शिकण्याचा संकल्प करतो, आणि आपल्याच गाववाल्यांबरोबर खोली घेऊन राहिल्यामुळे तो संकल्प दर वर्षी पुढे जातो. शासनाने आपल्याकडे जर्मनचे वर्ग काढण्याचे ठरविले आहे. जेथे निघाले असतील तेथे नाव घालावे. संस्थेने वसतिगृहाच्या दिवाणखान्यात संध्याकाळचा एक वर्ग चालविण्याचा विचार करावा, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळाकडे लेखी दिली आहेच.

वर्गणी म्हणजे निवृत्तिवेतनाच्या निधीतला हप्ता. पगाराच्या १८.६ टक्के, निम्मा कामगाराचा, निम्मा मालकाचा. पगारपत्रकावर ही कपात पाहून आपली मुले हळहळतात, आणि रोखीने, बिनकपातीचे काम देणारा मालक त्यांना भला वाटू लागतो. तसल्या कामाचा एक महिनाही या हिशेबात धरला जात नाही. ३६ किंवा ६० महिने मोजतात ते याच खात्यावरून. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा करार मे २०१७ पासून लागू आहे, तेव्हा हा पैसा पाण्यात गेला असे कोणी मानू नये. दर वर्षी मिळणारे वर्गणीचे पत्रक जपून ठेवावे. पोर्तुगीज सुतारापाशी नेमके हेच ज्ञान नव्हते.

कायम परवाना हाती येईपर्यंत माणूस मालकाशी बांधलेला असतो. पहिली दोन वर्षे नोकरी बदलावयाची तर बहुधा कचेरीची संमती लागते; नोकरी सुटली तर कळवावे लागते, आणि परवान्याची मुदत तोकडी होऊ शकते. कायम परवान्यानंतर मालक बदलता येतो, धंदा करता येतो, बेकारी आली म्हणून देश सोडावा लागत नाही. स्वतःची कार्यशाळा काढणे मात्र सुतार, वीजतंत्री इत्यादी धंद्यांत तेवढ्याने साधत नाही. तेथे ‘माइस्टर’ची परीक्षा उतरलेला माणूस लागतो, असे ५३ धंदे आहेत, आणि त्यांपैकी १२ तर २००४ मध्ये मोकळे करून २०२० मध्ये पुन्हा बंदिस्त केलेले आहेत. वतन राखण्याची हौस केवळ आपल्यालाच होती असे नाही!

दलालांविषयी आम्ही थोडक्यात सांगतो, कारण त्यांची ओळख सर्वांस आहे. १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली नोंदलेल्या भरतीदारास उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर याहून अधिक घेता येत नाही. पाच-सहा लाख मागणारा मनुष्य, त्याचे कार्यालय कितीही थंडगार असो, कायद्याबाहेर बोलत आहे. त्याला एकच प्रश्न विचारावा: ‘हा परवाना कोणत्या कलमाखालचा आहे, आणि यावर कायम वास्तव्य किती महिन्यांनी?’ उत्तर लिहून मागावे. लिहून देण्यास तो कां-कूं करू लागला तर शेत गहाण टाकण्याची घाई करू नये.

नागरिकत्वाचा विषय निराळा आहे. जून २०२४ पासून जर्मनीत पाच वर्षांनी ते मागता येते आणि जुने नागरिकत्व सोडण्याची सक्ती तो देश करीत नाही. परंतु आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही, तेव्हा जर्मन पारपत्र घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व जाते. कायम वास्तव्यात तसे काही होत नाही. पारपत्र भारताचे, राहण्याचा हक्क तेथला. आमच्या मते आपल्या बहुतेक मुलांना एवढे पुरे आहे.

शेवटी एक बाब, जी वृद्ध आईबाप असलेल्या घरांसाठी महत्त्वाची आहे. आपला मिरासदार गाव सोडून वर्षानुवर्षे बाहेर राहिला तरी त्याची मिरास बुडत नसे, असे आम्ही आरंभी सांगितले. जर्मन मिरास तशी नाही. कायम परवाना मिळालेला मनुष्य सहा महिन्यांहून अधिक काळ जर्मनीबाहेर राहिला तर सामान्यतः तो परवाना आपोआप संपतो. ब्लू कार्डावरून गेलेल्यास बारा महिन्यांची सवलत आहे. वडील अंथरुणाला खिळले, मुलगा धावत आला, सेवेत आठ महिने गेले, आणि परत जाताना विमानतळावर कळले की पाच वर्षे खपून मिळविलेला हक्क राहिला नाही, असे होऊ शकते. यावर उपाय आहे. निघण्यापूर्वी, किंवा निदान सहा महिने पुरे होण्याच्या आत, तेथील परकीय नागरिकांच्या कचेरीकडे कारण दाखवून अधिक मुदत लेखी मागता येते. घरातून दुखण्याचा फोन गेला म्हणजे मुलाला तिकिटाखेरीज काही सुचत नाही. तेव्हा फोन करणाऱ्यानेच त्याला सांगावे की, विमानात बसण्याआधी कचेरीला पत्र टाक आणि पोचपावती बरोबर घेऊन ये.